दिल्लीचा जानोसा

टेकचंदने दिल्लीला जायचं ठरवलं, तेव्हा बायको आणि दोन पोरं एवढंच न्यायचं असा त्याचा बेत होता. चूक इतकीच झाली की हा बेत तो दिघोरीच्या मंडईत, भर पंगतीत, मोठ्याने बोलला.

दिवाळी आटोपून धान घरात यायला लागलं की झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. मंडई म्हणजे बाजार, नाटक आणि पाहुणे. पहिल्या दोघांवाचून मंडई होऊ शकते, तिसऱ्यावाचून नाही. दिघोरीला टेकचंदची बहीण लीलाबाई दिली होती. तिच्या अंगणात त्या दिवशी टेकचंदच्या आईकडचे, बापाकडचे, बायकोकडचे आणि कोणाकडचे ते कोणालाच न आठवणारे, असे सगळे नातेवाईक जेवायला बसले होते. बोलता बोलता टेकचंदच्या पोराने सांगितलं, की शेजारच्या बाबूलाल सेठच्या टीव्हीत त्याने दिल्लीची झुल्यांची बाग पाहिली. तिथला एक पाळणा माणसांना घेऊन आभाळात जातो, उलटा होतो आणि परत येतो. माणसं कितीही ओरडली तरी त्यांना मध्येच खाली उतरवत नाहीत, कारण त्यांनी त्याचे पैसे दिलेले असतात.

"उनाळ्यात जाऊन राहिलो ना आमी तिकडं," टेकचंद म्हणाला. सगळी पंगत आपल्याकडेच बघते आहे हे पाहून त्याला भरून आलं आणि तो म्हणाला, "तुमीबी चाला."

हे वाक्य काही गावांत निरोप घेताना वापरतात म्हणे. झाडीपट्टीत ते आमंत्रण असतं. टेकचंदच्या आईच्या भावाने, मामाजींनी, हातातला घास पानात ठेवला आणि विचारलं, "कोन्त्या तारखेले निंगाचं गा?"

मंडईचा मोसम महिनाभर चालतो, आणि मामाजी प्रत्येक मंडईला जातात. संक्रांत येईपर्यंत दिल्लीला निघालेली मंडळी चाळिशीच्या वर गेली होती.

टेकचंद तुमसरला एका सरकारी कचेरीत आवक-जावक कारकून होता. त्याच्या हातून आजवर एकही कागद हरवला नव्हता, कारण कागद तो कोणाला देतच नसे. अशा माणसाला चाळीस जण दिल्लीत झोपवणं अवघड जायला नको होतं. त्याने दिल्लीच्या लॉजांना उत्तराचं कोरं कार्ड जोडलेली जोडकार्डं पाठवली. एका लॉजने उलट विचारलं, ही मंडळी कोणत्या पक्षाची आणि मोर्चा कोणत्या मागणीचा. दुसऱ्याने मैदानाचा पत्ता कळवला. तिसऱ्याने उत्तरच दिलं नाही; टेकचंदच्या मते सगळ्यांत सभ्य तोच निघाला.

मग कोण कुठे झोपेल याचा नकाशा त्याने कचेरीच्या कागदावर काढला. सासऱ्यासमोर सुनांना आडवं होता येत नाही, म्हणून सुना एका टोकाला. दोन चुलत मेव्हण्यांचा धानाच्या बांधीच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, कोर्टात खटला चालू, म्हणून त्यांच्यामध्ये एक खांब. खांब असलेली खोलीच पाहिजे, हे ठरलं. मामाजी घोरतात, म्हणून मामाजी वऱ्हांड्यात. मामाजींना हे कळल्यावर ते रुसले, म्हणून वऱ्हांडा रद्द. टेकचंदची बायको चंद्रकला नकाशा बघून म्हणाली, "समदं बरोबर हाये. फक्त घर नाई."

घराचा प्रश्न निघाला की या कुटुंबात सगळ्यांची मान आपोआप नत्थूकाकांकडे वळायची.

नत्थूकाका टेकचंदच्या वडिलांचे धाकटे भाऊ. वय पन्नासच्या पुढे, लग्न नाही. आणि गेली तीस वर्षं या कुटुंबातून एकही वरात त्यांच्यावाचून निघाली नव्हती. वरातीच्या आधी परगावी जायचं, जानोसा बघायचा, म्हणजे वऱ्हाडाला उतरायची जागा; पाण्याचे माठ भरून ठेवायचे, कंदील पुसायचे, नवरदेवाला भांग पाडायला आरसा खिळ्याला टांगायचा, हे सगळं त्यांचं काम. आरशात स्वतःचं तोंड दिसू नये म्हणून ते बाजूला उभे राहून तो सरळ करत. निदान टेकचंदला तसं वाटायचं. वऱ्हाड मांडवाकडे निघालं की ते मागे राहत. जानोशात कोणीतरी लागतंच. त्यामुळे इतक्या लग्नांत राबूनही त्यांनी एकही मंगलाष्टक पूर्ण ऐकलेलं नव्हतं.

"दिल्लीतला जानोसा मले नाई जमणार," नत्थूकाका म्हणाले. "तिथले लोक वळखीचे नाई."

ओळखीचे लोक बाबूलाल सेठचे निघाले. सेठचं धान्याचं दुकान घराला लागून, आणि सल्ला देण्याचं दुकान त्याच्यापुढे, बाकड्यावर. तो म्हणाला, "टेकचंदभाऊ, चिंता कायको करते? आमच्या समाजाची धरमशाला हाय ना दिल्लीमें. बडा हॉल, आठ कमरे, और बीचमें खंभा."

खांब म्हटल्यावर टेकचंदचे डोळे भरून आले. त्याने त्याच दिवशी पत्र लिहिलं. उत्तर हिंदीत आलं आणि त्यात लिहिलं होतं, की धर्मशाळा धर्मकार्यासाठी आहे, आणि झुल्यावर बसणं हे ट्रस्टच्या माहितीप्रमाणे धर्मकार्य नाही. हॉल फक्त बारातीला मिळेल. लग्नपत्रिका आगाऊ पाठवावी.

"तो भेज दो एक पत्रिका," बाबूलाल सेठ म्हणाला. "कागदच तो मांगते."

टेकचंद प्रामाणिक माणूस होता. खोटं लिहायचंच असेल तर ते कायद्यात बसलं पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. त्या संध्याकाळी त्याने सगळ्यांना बसवून नवरदेवाचा विचार मांडला. पोरं लहान, एकवीस पुरे झाल्याशिवाय नवरदेव करणं गुन्हा. मोठे सगळे लग्न झालेले. दुसरं लग्न तर त्याहून मोठा गुन्हा, आणि त्यात एक सरकारी नोकर. म्हणजे या अख्ख्या खानदानात कायद्याने नवरदेव होऊ शकेल असा एकच माणूस उरतो.

सगळ्यांनी नत्थूकाकांकडे पाहिलं. मग चंद्रकला हसली, मग पोरं हसली, मग टेकचंद स्वतः इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. नत्थूकाका दोरी वळत होते. वळणं न थांबवता त्यांनी सगळ्यांचं हसून होऊ दिलं.

"पत्रिकेवर पोरीचं नाव पायजे ना?" त्यांनी विचारलं.

"टाकू काहीतरी, काकाजी."

"सत्यवती टाक," नत्थूकाका म्हणाले. "बापेऱ्याची."

माणसाने असं पटकन नाव सांगितलं म्हणजे ते त्याच्याकडे तयार असणार, एवढं टेकचंदच्या लक्षात यायला हवं होतं. पण त्याचं लक्ष 'बापेरा' खोडून तिथे 'दिल्ली' लिहिण्याकडे होतं. टेकचंदची आई रंभाबाई सूप घेऊन उठली आणि आत गेली. तिच्याकडेही कोणाचं लक्ष नव्हतं.

छापखाना सुखरामचा. सुखरामने सांगितलं, एक पत्रिका छापता येत नाही, शंभर छापाव्या लागतात. गणपतीचा ठोकळा एका कागदाकरिता मशीनवर चढत नाही. शिवाय खाली लहान पोरांची ओळ पाहिजेच, त्याशिवाय त्याच्या छापखान्यातून पत्रिका बाहेर जात नाही. टेकचंदने पोरांची नावं दिली. सुखराम हा अचूक माणूस. पोरं नत्थूकाकांना काय म्हणतात हे विचारून त्याने ओळ जुळवली: 'आमच्या आजोबाच्या लग्नाला नक्की यायचं हं!'

एक पत्रिका दिल्लीला गेली. उरलेल्या टेकचंदने गाठोडं बांधून माळ्यावर टाकल्या आणि हात झटकले. पण शंभर छापायच्या म्हटल्यावर सुखराम एकशे एक छापत असे, आणि चांगलं काम झालं की जास्तीची प्रत तो दुकानासमोर नमुना म्हणून टांगत असे. या वेळी गणपतीचा लाल रंग फारच छान उठला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली आली ती समोरच्या घरची शकुनबाई. शकुनबाई वयाने आणि आवाजाने गल्लीत सर्वांत मोठी. ती फाटकातूनच ओरडली, "काहून वो रंभाबाई, आमाले सांगाचं नोतं का? आमी का आहेर नसतो आणला?"

टेकचंद खरं सांगणारच होता. त्याने तोंड उघडलंही होतं. पण शेजारच्या भिंतीवरून बाबूलाल सेठ दोन्ही हात जोडून त्याला खुणावत होता. खरं बाहेर पडलं तर ते दिल्लीच्या ट्रस्टपर्यंत जायला वेळ लागणार नव्हता, आणि धर्मशाळेच्या पायरीवर सेठच्या आजोबांचं नाव दगडात कोरलेलं होतं. टेकचंदने तोंड मिटलं.

"घाईघाईत जमलं, मावशी," तो म्हणाला.

"घाई?" शकुनबाई म्हणाली. "पन्नाशी झाल्यावर घाई?"

मग गडगनेर सुरू झाले. ज्याचं लग्न ठरलं त्याला घरोघरी जेवायला बोलवायचं, पाटावर बसवायचं, टिळा लावायचा, टोपी आणि नारळ द्यायचा. पहिलं बोलावणं आलं तेव्हा टेकचंद म्हणाला, "काकाजी, तब्येत बरी नाई म्हणून सांगतो."

"मले काय झालं?" नत्थूकाकांनी विचारलं. त्यांनी दाढी करून घेतली आणि गेले. परत आले तेव्हा कपाळावर कुंकू, डोक्यावर कोरी पांढरी टोपी. ओसरीवर बसून त्यांनी टोपी काढली, आत बाहेर पाहिली आणि घडी करून ठेवली.

"जेवण कसं होतं?" पोरांनी विचारलं.

"मले बसवलं होतं," नत्थूकाका म्हणाले. "लोक वाढत होते."

दुसऱ्या दिवशी दुसरं घर, मग तिसरं. न्हाव्याने स्वतःहून, पैसे न घेता, त्यांच्या मिशा काळ्या केल्या. पानठेल्यावर त्यांना खुर्ची मिळू लागली. सल्ल्याचा तर पूर आला. उतारवयातल्या लग्नाबद्दल एवढं ज्ञान तुमसरात साठून राहिलं होतं, हे कोणालाच माहीत नव्हतं. कोणी बदाम सांगितले, कोणी गुडघ्याला लावायचं तेल. शकुनबाईने बायकोशी कसं बोलावं ते शिकवलं: "पयल्या दिवशी जे बोलसान तेच जलमभर चालते. तवा कमी बोला."

"मी तसाबी कमीच बोलतो," नत्थूकाका म्हणाले.

"मंग तुमचं जमलं."

टेकचंदची इकडे कचेरीत वेगळीच गत झाली होती. साहेबांनी बोलावून अभिनंदन केलं आणि मुलगी दिल्लीची म्हणजे पंजाबी का, असं विचारलं. टेकचंद 'नाही' म्हणाला तर बंगाली का, असं विचारलं. एका आठवड्यात गावात पक्कं झालं, की मुलीच्या बापाचे तीन बंगले आहेत आणि मुलगी मोटार चालवते. टेकचंदला आपल्या खानदानाची ही भरभराट निमूटपणे बघावी लागत होती, आणि खोटं का होईना पण थोडंफार बरंही वाटत होतं.

खरा घोटाळा खेड्यांतून आला. झुले बघायला चाळीस जण तयार होते; नत्थूच्या लग्नाला कोण नाही म्हणणार? ज्यांच्या ज्यांच्या वरातीला त्यांनी पाणी भरलं होतं ते सगळे निरोप पाठवू लागले. "त्यायनं माह्या लग्नात माह्यासाठी आरसा टांगला होता," एक पाहुणा सांगून गेला, "आता त्यायच्यासाठी मी टांगतो. जानोसा कुठं हाये तेवढं सांगा." मोजणं टेकचंदने सोडून दिलं. झोपेच्या नकाशाला त्याने कागद जोडले, आणि तरीही माणसं कागदाच्या बाहेर राहू लागली.

एका दुपारी तो हा नकाशा घेऊन आईजवळ बसला. रंभाबाई तांदूळ निवडत होती.

"माय, बापेऱ्याहूनबी लोक येऊन राहिले. तिकडचं आपलं कोण हाये?"

रंभाबाईने खडा काढून बाजूला टाकला. "कोनी नाई आता. होतं."

मग तिने सांगितलं. टेकचंदच्या एका चुलत काकाची वरात बापेऱ्याला गेली होती. नत्थूने सांभाळलेला तो पहिलाच जानोसा. तेव्हा तो विशीचा. ज्यांच्या अंगणात जानोसा होता त्यांची मुलगी सत्यवती. वरात परतल्यावर नत्थू तिच्या, आपल्या वहिनीच्या, मागे मागे फिरला, आणि शेवटी चुलीपाशी बसून जमिनीकडे बघत म्हणाला, त्या घरी जाऊन याल का. टेकचंदचे वडील दिवाळीनंतर मागणी घालायला जाणार होते. धान पोटरीत आलं तेव्हा त्यांना ताप आला आणि धान कापायच्या आत ते गेले.

"पोरीच्या बापानं मंडईपावतर वाट पायली," रंभाबाई म्हणाली. "मानूस पाठवला. मी भाऊजीले म्हटलं, जा तुमी, मी पाठीशी हावो. त्यायनं मानसाले जेवू घातलं आणि नाई म्हणून सांगून देल्लं. काहून, ते मले आजपावतर समजलं नाई. इचारलं का उठून बैलाले चारा टाकाले जात. लोक म्हणे, पोरगी पसंत नसन पडली. मंग तिले नदीपल्याड बालाघाटाकडं देली. पयल्याच बाळंतपणात गेली म्हणे."

टेकचंद नकाशा हातात धरून बसला होता. त्या नकाशात नवरदेवाची झोपायची जागा दाखवायची राहून गेली होती, हे त्याला आता दिसलं.

"माय, तू तवाच काहून नाई बोलली? पत्रिकेच्या दिवशी?"

"बोलत कशी? पयल्यांदा नाव घेतलं त्यायनं."

त्यानंतर टेकचंदला नत्थूकाकांकडे सरळ बघता येईना. त्यांना सगळं माहीत होतं. पत्रिका कशाकरिता छापली हे त्यांच्यासमोरच ठरलं होतं. तरी टोप्यांची चळत रोज वाढत होती, आणि बोलावणं आलं की ते आंघोळ करून, मिशीवर हात फिरवून, वेळेच्या आधी तयार होऊन ओसरीवर बसत होते. खेळ म्हणून जावं तसे ते जात नव्हते. आणि खरं समजून वेडे झालेत, असंही त्यांच्याकडे पाहून म्हणता येत नव्हतं.

होळीनंतर दिल्लीचं पत्र आलं. ट्रस्टला अत्यंत आनंद झाला होता. इतक्या दुरून बारात येते आहे हे पाहून ट्रस्टने ठरवलं होतं, की वधूच्या पित्याच्या घरी जाऊन ट्रस्टचे मंत्री स्वतः त्याचा सत्कार करतील. तरी वधूपक्षाचा दिल्लीतला पत्ता उलट टपाली कळवावा.

बाबूलाल सेठ पत्र वाचून गव्हाच्या पोत्यावर बसला. "टेकचंदभाऊ, मेरे दादाजीका नाम पायरीपर हाय," तो म्हणाला. "लोक पैर रखते उसपर. अब थूकेंगे."

म्हणजे लग्न मोडलं होतं. दिल्लीला ट्रस्टकडे तसं एका ओळीत कळवून झालं. प्रश्न तुमसरचा होता.

चंद्रकलाने सरळ उपाय सांगितला. "खरं सांगून द्या. झुल्यासाठी सोंग केलं होतं म्हणा. लोक दोन दिवस हासतीन, तिसऱ्या दिवशी इसरतीन."

"कोनाले हासतीन?" टेकचंदने विचारलं.

चंद्रकलाने ओसरीकडे पाहिलं. ओसरीवर नत्थूकाका पोरांना पतंगाचा मांजा गुंडाळून देत होते. मिशा अजून काळ्याच होत्या. दोन दिवसांचं हसू जन्मभर पुरेल असं गाव आहे हे, आणि ते हसू कोरी टोपी घालून पाटावर बसलेल्या माणसाला पाहून असणार होतं. पन्नाशीचा बाप्या, आणि खरंच जाऊन जेवला गा घरोघरी! टेकचंदला ते पानठेल्यावरच्या आवाजात ऐकू आलं.

बरं, लग्न मोडलं एवढंच सांगून चालत नाही. मोडलं तर का मोडलं हे लागतं. मुलात खोट, नाहीतर मुलीत. मुलात म्हटलं तर नत्थूकाका गेले. मुलीत म्हणायला टेकचंदची जीभ धजेना. ती नदीपल्याड जाऊन तीस वर्षं झाली होती. आता उरली एकच जागा, जिथे खोट ठेवता येत होती.

तो काकांजवळ जाऊन बसला. "काकाजी, लग्न मोडलं म्हणून सांगा लागते."

"बरं," नत्थूकाका म्हणाले, आणि मांजाचं टोक दातांनी तोडलं.

दुसऱ्या दिवशी टेकचंद पानठेल्यावर गेला, पान मागितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मोडलं ना लग्न. मी स्कूटर मागितली होती."

"नवरदेवाले?"

"नाई," टेकचंद म्हणाला, "मले."

आपल्याला पटवून द्यावं लागेल, म्हणून त्याने आणखी चारसहा वाक्यं तयार ठेवली होती. त्यातलं एकही लागलं नाही. सगळ्यांचा विश्वास जागच्या जागी बसला. इतकी वर्षं सांभाळलेल्या अब्रूने जाताना थोडी तरी कुरकुर करावी, अशी त्याची अपेक्षा होती. पण पानवाल्याने नुसतं पान बांधलं, आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे रोख पैसे मागितले.

साहेबांनी, ज्यांची स्वतःची मोटरसायकल सासऱ्यांच्या नावावर होती, त्याला हुंडाबंदीचा कायदा मोठ्याने वाचून दाखवला. चंद्रकलाचे वडील गावाहून आले आणि हात जोडून म्हणाले, "जावईबापू, आमच्याकडून काही राहून गेलं असन तर तवाच बोलाचं होतं." सुखरामने नमुना काढून घेतला. घरातली पोरं वेगळ्याच कारणाने बोलेनाशी झाली, कारण जानोसा गेला तिथे झुलेही गेले. मोठ्यांना धर्मशाळेवाचून दिल्ली सुचत नव्हती आणि आता तिकडे जायला कोणाला तोंडही नव्हतं. मामाजींनी निरोप पाठवला, की वऱ्हांड्याचं मी विसरलो होतो, हे नाही विसरणार.

आणि लोक नत्थूकाकांना भेटायला येऊ लागले.

जे जेवायला बोलावून गेले होते तेच आता येऊन बसत होते. ओसरीवर सतरंजी टाकावी लागली. नुसतं बसायचं, नत्थूकाकांकडे बघायचं, निःश्वास सोडायचा. मग कोणीतरी म्हणायचं, "नशीब." रंभाबाई आतून चहा भरून देत होती आणि टेकचंद थाळीत कप घेऊन फिरत होता. लोक त्याच्या हातचा चहा घेत, त्याच्याकडे बघत नसत.

शकुनबाई दुपारी आली. भिंतीला टेकून बसली आणि विचारलं, "कशी होती गा पोरगी? पायली होती ना तुमी?"

टेकचंद थाळी घेऊन जागीच थांबला. नत्थूकाकांनी सतरंजीचा दुमडलेला कोपरा सरळ केला. मग म्हणाले, "पायली होती."

"गोरी होती?"

"ध्यानात नाई." ते समोरच्या सतरंजीकडे बघत होते. "जानोशात पानी घेऊन आली. मी सतरंज्या टाकून ठेवल्या होत्या. वल्या होत्या त्या, मले समजलं नाई. तिनं पायानं दाबून पायलं न म्हणे, उनात नाई घातल्या का? पाहुन्यायचं अंग धरन. मंग आमी दोघानं एक एक टोक धरून समद्या कुंपनावर टाकल्या. तिनं झटकली का माह्या हातातलं टोक सुटून जाये. हासली नाई ती. थांबे. मी परत धरलं का मंग झटके."

नत्थूकाका एवढं एका दमात बोलल्याचं कोणालाच आठवत नव्हतं. दिल्लीच्या तीन बंगल्यांतल्या मुलीने पाहुण्यांच्या सतरंज्या कधी झटकल्या असतील, हे विचारायचं भान कोणाला राहिलं नाही.

"चांगली होती गा," शकुनबाई पदराने डोळे पुसत म्हणाली.

"चांगली होती," नत्थूकाका म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येऊन काळ्या मिशीत उतरलं. त्यांनी ते पुसलं नाही. रडायची आता परवानगी होती. सगळं गाव त्याकरिताच तर जमलं होतं.

शकुनबाईने मग टेकचंदकडे बोट केलं. "याच्यापायी झालं समदं. या भुकेल्यापायी! तुमचा भरला संसार खाल्ला यानं."

कोणीतरी 'खरं हाये' म्हणालं. टेकचंद थाळी धरून उभा राहिला. हे त्याने स्वतःच मागून घेतलं होतं, त्यामुळे मान खाली घालायची एवढंच काम होतं.

"त्याले नोका बोलू," नत्थूकाका म्हणाले. "पोरगा लहान होता."

"कोन? हा?" शकुनबाईने विचारलं. सगळ्यांनी टेकचंदकडे पाहिलं: सुटलेलं पोट, कानाशेजारी पिकलेले केस, नाकावर चष्मा.

"साहा सालचा होता," नत्थूकाका म्हणाले. "रातचा उठून बापाले हाका मारे. याले असा सोडून नवरदेव बनून कसा जाऊ मी बापेऱ्याले?"

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. दुःख डोक्यात गेलं बिचाऱ्याच्या, असं शकुनबाई कोणाच्या तरी कानात म्हणाली. आतून रंभाबाई चहाचं भांडं तसंच हातात घेऊन दाराशी आली.

टेकचंदने थाळी दाराशी ठेवली. सारं तुमसर येऊन बसून गेलं होतं, काकांना भेटायला बसायचा तोच तेवढा राहिला होता. तो नत्थूकाकांसमोर, सतरंजीवर, खाली बसला.